परसबागेला पाटी हवी

परसबागेत पाटी लावायला माझा विरोध होता. तो नुसत्या आवडीनिवडीचा नव्हता, त्यामागे कारणं होती. ती आधी सांगते, कारण त्यातली काही मला आजही पटतात.

पाटी असते दुकानाला, दवाखान्याला, कचेरीला. परस म्हणजे घराची मागची बाजू. तिथं भांडी घासली जातात, सांडगे वाळत पडतात, म्हातारी माणसं सकाळच्या उन्हाला बसतात. पाहुणा पुढच्या दारानं येतो; परसात येतो तो घरचा. घरच्या माणसाला बागेचं नाव वाचून दाखवायची काय गरज? ते मला मिरवणं वाटायचं. दुसरी गोष्ट लाकडाची. माझं माहेर साताऱ्याचं. मृगापासून तिकडं भिंतीला ओल धरते, दारं फुगून बसत नाहीत. अशा हवेत उघड्यावर रंगवलेली फळी ठेवायची आणि दोन पावसाळ्यांत तिचा भुगा बघायचा, हा पैशाचा आणि लाकडाचा दोन्हींचा नाश. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पाट्या लावायच्या हौसेपायी लोक झाडाच्या खोडात खिळे ठोकतात. सालीखालूनच झाडाचा अन्नरस वाहतो. तिथं लोखंड घुसलं की जखम होते, त्या वाटेनं बुरशी आणि कीड आत शिरते. झाडाचं नाव सांगायला झाडालाच जखम करायची, हे मला कधी मान्य झालं नाही आणि होणारही नाही.

माझं मत बदललं ते सांगलीत, सासरच्या परसात.

आमचं घर गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. मागची बाग सासूबाईंची. कशालाही पाटी नव्हती आणि त्यांना लागतही नव्हती. जाई कुठली, सायली कुठली, कोणत्या वाफ्यात वडीचं अळू आणि कोणत्या वाफ्यात भाजीचं, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मी नोकरी करत होते. "आई, अळू द्या" म्हटलं की हातात यायचं. त्या गेल्यावरही बाग तशीच चालू राहिली, कारण झाडं जागेवर होती आणि जागा बघून नाव आठवायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते उतरलं तेव्हा परसात वाफे, आळी, पायवाट काही उरलं नव्हतं, सगळीकडं एकसारखा गाळ. शेवग्याला पाणी साचलेलं सोसत नाही, तो गेला. कढीलिंब गेला, तुळस गेली. पेरू तगला. मग हळूहळू गाळातून कोंब वर यायला लागले, आणि मला पहिल्यांदा कळलं की यातलं कोण कोण आहे हे सांगणारं माणूस आता घरात नाही.

अळूचं सांगते. वडीचं अळू काळपट देठाचं, भाजीचं हिरव्या देठाचं, एवढं मलाही ठाऊक होतं. पण पुरानंतर कंद वाहून इकडचे तिकडं रुतले होते, कोवळ्या पानांच्या देठावर रंग नीट चढलेला नव्हता, आणि कुठून तरी वाहत आलेलं रानातलं अळूही त्यात मिसळलेलं असणार. मी पानं खुडली, चिंच-गूळ घालून वड्या केल्या. घरातल्या सगळ्यांचे घसे दिवसभर खवखवत राहिले. अळूच्या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून घसा धरतो. चिंचेनं तो त्रास कमी होतो, पण खाजऱ्या जातीपुढं चिंचेचंही चालत नाही. सासूबाईंच्या हातचं अळू कधी कुणाला खाजलं नव्हतं. त्यांनी कुठल्या तरी ओळखीच्या वाफ्यातून वर्षानुवर्षं निवडून जपलेला तो कंद होता. तो आता इतर कंदांमध्ये कुठं तरी आहे, किंवा नाही.

हळदीचं तर जास्त लागलं. सांगली हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, त्यातली बरीचशी २००५ च्या पुरानं नेली. अशा गावात राहून माझ्या परसात आलेली पानं हळदीची की आंबेहळदीची, हे मला सांगता येईना. दोन्हींची पानं दिसायला सारखीच. कंद उकरून मोडला आणि कच्च्या कैरीचा वास आला तर आंबेहळद. पण ओळख पटवायला झाड उपटावं लागणं ही काही बाग सांभाळायची रीत नव्हे.

तरीही पाटीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. वहीत लिहून ठेवावं, एवढंच वाटलं होतं. वही लिहिली. ती कपाटात गेली. घरात दुसऱ्या कुणी ती एकदाही उघडली नाही.

भिलारला गेले तेव्हा पाटीबद्दलचा मनातला आकस पहिल्यांदा सुटला. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. तिथं लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवलीत, आणि कुठल्या घरी काय आहे हे बाहेरच्या पाटीवरनं कळतं: इथं कविता, इथं बालसाहित्य. घर साधं, अंगणात धुणं वाळतंय, आणि पाटी बघून अनोळखी माणूस आत येऊन बसतो. घरातली बाई पाणी आणून देते. त्या पाट्यांत मिरवणं कुठंच दिसलं नाही. आत काय आहे ते सांगून त्या येणाऱ्याचा संकोच घालवत होत्या. माझ्या बागेत येणारी मुलं, भाचरं, शेजारच्या नव्या सुना काही विचारत का नाहीत, याचं उत्तर मला तिथं मिळालं. काय विचारायचं हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग साताऱ्याला गेले. माहेरचं घर जुनं. त्याचा माळा उतरवायचं काम निघालं होतं आणि सागवानी फळ्या अंगणात रचून ठेवलेल्या होत्या. साताऱ्याच्या पेठांतले वाडे आणि जुनी घरं पडतायत तसं हे लाकूड वखारीत जातं, तिथून कुणाच्या तरी हॉटेलात. त्यातली एक फळी मी मागून घेतली. आई ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "फळी ने, पण तिच्यावर लिहिणार काय?" मी म्हटलं, "बागेचं नाव." ती म्हणाली, "बागेला कसलं नाव? झाडांची लिही. आणि कुणाकडनं आलं ते लिही." मग तिनं सांगायला सुरुवात केली. माझ्या लग्नानंतर सांगलीला गेलेली रोपं तिला एकेक आठवत होती. अनंताची फांदी माहुलीच्या मावशीकडची, संगमाजवळच्या घरातली. सोनचाफ्याचं रोप वाईहून आलेलं. जाईचा वेल तर तिच्या स्वतःच्या सासूनं लावलेल्या वेलाची फांदी, म्हणजे माझ्या आजीची. जाई आणि सायलीतला फरकही तिनं तेव्हाच सांगितला. जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी-जांभळट झाक असते, सायली सगळी पांढरी. इतकी वर्षं दोन्ही फुलं माळली, पण कळी उलटी करून मी कधी बघितली नव्हती.

माहेरच्या आळीत एक जुने पेंटर काका राहतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्यांनी केलेलं. फ्लेक्स आला आणि काम बसलं. मी फळी घेऊन त्यांच्याकडं गेले ती पाटी करून घ्यायला. त्यांनी फळी हातात घेतली, उभी धरून एका डोळ्यानं तिचा बाक पाहिला आणि म्हणाले, "करून देतो की. पण ताई, घरची पाटी घरच्यानं लिवावी. बसा, शिकवतो."

जे शिकले ते सविस्तर सांगते, कारण फळीचा भुगा होईल या माझ्या जुन्या आक्षेपाचं उत्तर त्यातच होतं.

उघड्यावरचं लाकूड कुजतं ते बहुतेक टोकांकडून. फळीची लांब बाजू पाणी फारसं पीत नाही, पण जिथं ती आडवी कापलेली असते तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि पाणी आत चढतं. म्हणून काका रंगाचा पहिला हात टोकांना देतात, तो सुकला की दुसरा, मग तिसरा, आणि नंतरच समोरच्या बाजूकडं वळतात. वरची कड सपाट ठेवायची नाही; रंधा मारून मागं उतार द्यायचा, म्हणजे थेंब थांबत नाही. आधी पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. खिळ्यांची जुनी भोकं लांबी भरून बुजवायची. मग प्रायमर, मग ऑइल पेंट, पातळ हातानं, दोनदा. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडली तर फळी एका बाजूनं ओल पिते आणि वाकते, म्हणून रंग दोन्हीकडं. आणि हे सगळं पाऊस संपल्यावर, कोरड्या हवेत, पण भर उन्हात नाही. तापलेल्या फळीवर रंगाला फोड येतात.

रंग कोणता, यावर आमची बरीच चर्चा झाली. मला हिरव्यावर लाल अक्षरं हवी होती. काका म्हणाले, लाल उन्हात सगळ्यात आधी उडतो. पिवळ्यावर काळं घ्या, लांबून दिसतं आणि टिकतं. खाली किनार हवी तर गेरूची, कारण गेरू म्हणजे लोहाचा गंज, त्याला ऊन खात नाही. हिरव्यावर लाल न घ्यायला आणखी एक कारण आहे, ते मला नंतर सुचलं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं आपल्यात असतात, पुरुषांत जास्त. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळं त्यांना ती सोडावी लागली, ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले, आणि पुढं १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना आणि गाव उभं केलं. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. पाटी सगळ्यांना वाचता यावी लागते, म्हणून मी पिवळ्यावर काळं घेतलं.

अक्षरांचं काम सगळ्यात अवघड. मी नावं फळीभर मोठी लिहायला घेतली होती. काकांनी हात धरला. "आपल्या अक्षराला दागिनं असत्यात ताई. डोक्यावर येलांटी, मात्रा, रफार, पायाशी उकार. त्यास्नी जागा सोडा, मग अक्षर बसवा." त्यांनी सुतळीला खडू घासला, दोन टोकांना ताणून धरली आणि मधे उचलून सोडली, फळीवर सरळ रेघ उमटली. अशा दोन रेघा, वरची शिरोरेघेची, खालची पायाची, आणि दोन्हींच्या बाहेर मोकळी जागा. 'जुई' लिहून पाहा म्हणजे कळेल: खाली उकार लोंबतो, वर 'ई'चा रफार उठतो, आणि मधल्या 'ज'ला कमीच जागा लागते. शब्द पाटीच्या मध्यावरून दोन्हीकडं मोजत न्यायचा, नाही तर शेवटचं अक्षर कडेला चेंगरतं. ब्रश खारीच्या केसांचा. डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकायचं. "ब्रश वढायचा, ढकलायचा न्हाय." शिरोरेघ ते सगळ्यात शेवटी मारत, एका दमात, श्वास धरून. माझी पहिली रेघ थरथरली. काकांनी तारपिनाच्या फडक्यानं ती पुसली आणि काही न बोलता ब्रश परत माझ्या हातात दिला.

माझा भाचा कॉम्प्युटरवर अक्षरं काढून चिकटवायला तयार होता. छापील अक्षराला मी कमी लेखत नाही. कॉम्प्युटरवर आपण वर्षानुवर्षं जे 'मंगल' अक्षर वाचत आलो ते र. कृ. जोशींसारख्या अक्षरांना वाहून घेतलेल्या माणसानं केलंय. पण छापायला लागतात दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत कुणाला काही विचारावं लागत नाही. हातानं एक नाव लिहायला अर्धा तास गेला की तेवढा वेळ त्या झाडाचाच विचार होतो. भाच्याला मी 'सायली' आणि 'जाई' लिहायला दिलं. तो ब्रश खाली ठेवून परसात गेला, दोन्हींच्या कळ्या घेऊन आजीकडं आला आणि म्हणाला, "यातली कुठली?" याच प्रश्नासाठी मी आता हातानं लिहिलेल्या पाटीची बाजू घेते.

पाटी सांगलीला आणून उभी करताना एक अडचण आली, ती साताऱ्याच्या मुरमाड जमिनीत येत नाही. सांगलीची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात पुरलेला खांब वर्षभरात कलतो. शिवाय वाळवी. म्हणून लाकूड मातीत घातलंच नाही. खड्डा जरा मोठा घेऊन त्यात दगड आणि मुरूम ठासला, लोखंडी पाइप उभा केला, आणि फळी त्याला न गंजणाऱ्या स्क्रूंनी बसवली, जमिनीपासून कमरेइतकी वर. झाडांपाशी लहान पट्ट्या लावल्या त्याही स्वतंत्र सळयांवर. खोडाला एकही खिळा नाही. मोठ्या फळीवर प्रत्येक झाडाचं नाव आणि ते कुणाकडून आलं ते: अनंत, माहुलीच्या मावशीकडून. जाई, साताऱ्याच्या आजीची. अळूच्या वाफ्यापाशी दोन पट्ट्या, 'वडीचं' आणि 'भाजीचं'. वडीचा कंद शेजारच्या काकूंकडून आणला. सासूबाईंनीच तो त्यांना कधी काळी दिला होता, म्हणजे तो आमच्याच घरचा निघाला. काकूंनी पट्टी बघून सांगितलं तेव्हा कळलं. पट्टी नसती तर हे बोलणंच निघालं नसतं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला होता, आणि पुढंही येणार. फळी त्यात वाहून जाईल हे मी धरून चाललेय. म्हणून तिच्यावरची सगळी नावं आईच्या साताऱ्याच्या घरी दुसऱ्या फळीवर लिहून ठेवलीत, आणि माझ्या वहीतही आहेत. सातारची फळी जास्त पाऊस खाते. तिचा रंग दर दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागेल असं काका म्हणतात. मला तो आता खर्च वाटत नाही. रंग काढायला बसलं की नावं पुन्हा वाचली जातात, मेलेलं झाड खोडलं जातं, नवं लिहिलं जातं.

काही मतं मात्र तशीच आहेत. बागेला नाव द्यायला मी अजून तयार नाही. 'फुले तोडू नका' ही पाटी परसात लावणार नाही. फुलं तोडायलाच लावलीत. शाळांच्या आणि बचत गटांच्या परसबागांपुढं मोठाले फ्लेक्स दिसतात, त्यांवर योजनेचं नाव असतं, मान्यवरांचे फोटो असतात, आणि आत मेथी कुठली नि चाकवत कुठला हे कुठंच लिहिलेलं नसतं. तेवढ्याच पैशात गावातल्या पेंटरकडून मुलांना एक दिवस ब्रश धरायला शिकवता येईल. ज्या शाळांना परसबाग आहे त्यांच्या शिक्षकांना माझं हे हात जोडून सांगणं आहे. सातारा-सांगलीत असे पेंटर अजून आहेत, कामाची वाट बघत बसलेले आहेत, आणि शिकवायला ते नाही म्हणत नाहीत.

तुमच्या घरी परस असेल, चार कुंड्या असतील, तरी एक करा. पाऊस संपला की एक जुनी फळी शोधा. पण रंगाचा डबा आणायच्या आधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला बागेत घेऊन जा, आणि प्रत्येक झाड कुणाकडून आलं ते विचारून घ्या. ब्रश नंतरही शिकता येतो.